आधी केसपेपरची रांग बघ

काल संध्याकाळी तू तुझ्या आईला घेऊन आलीस, चहा घेतलास, चार कॉलेजांची चकचकीत माहितीपत्रकं माझ्यासमोर पसरलीस आणि म्हणालीस, "ताई, यातलं स्वस्त आणि चांगलं कुठलं, तेवढं सांग." आई समोर होती, म्हणून मी "बघू, बघू" करत वेळ मारून नेली. खरं सांगू? त्या चारांतली दोन पत्रकं मला तिथल्या तिथे फाडावीशी वाटत होती. पण आई बिचारी आमचा जिना चढतानाच कठडा धरून तीनदा थांबली होती. तिच्या डोक्याला आणखी घोर कशाला, म्हणून गप्प बसले. आता निवांत सांगते. आधी एकटीने वाच, मग यातलं सांगण्याजोगं तिला वाचून दाखव.

सगळ्यात आधी तो "च" काढून टाक. "नीटला मार्क कमी पडले, आता पॅरामेडिकलच करते," असं म्हणालीस ना, तो "च". मीही तो कित्येक वर्षं वागवला. रोह्याला माहेरी गेले की शेजारची काकू विचारायची, "डॉक्टर नाही झालीस ना?" आणि मी उगाच ओशाळायचे. आता नाही ओशाळत. आपल्याच गावांकडे बघ. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर चाळिशी ओलांडतो आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. त्याचा हात तसाच कसबी असतो, नजर तेवढी दगा देते. त्याला पहिल्यांदा भेटायला हवा ऑप्टोमेट्रिस्ट. धाटावच्या एमआयडीसीत नाहीतर डोलवीकडे मशिनच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान ऑडिओमेट्रीवर तपासायचे असतात. महामार्गावर अपघात झाला की सर्जनच्या आधी ऑपरेशन थिएटर लावून ठेवणारा कुणीतरी लागतो. किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चार-चार तास डायलिसिसला बसावं लागतं, आणि त्या चार तासांत मशिनमधून साधारण 120 लिटर शुद्ध केलेल्या पाण्याचा द्राव जातो. ते पाणी, तो दाब, त्या माणसाचा उतरलेला चेहरा, सगळ्यावर नजर असते ती तंत्रज्ञाची. ही उरलीसुरली कामं आहेत असं ज्याला वाटतं, त्याने एकदा डायलिसिसच्या खुर्चीशेजारी तासभर बसून बघावं.

आता माझी चूक सांगते. ही घरात दोघा-तिघांनाच ठाऊक आहे.

बारावीनंतर मी दोन वर्षं एका "इन्स्टिट्यूट"मध्ये घालवली. गावाचं नाव सांगत नाही, नि त्यांचंही नाही. बाजारपेठेत दुकानाच्या वरची एक खोली, दर रविवारी वर्ग, भिंतीवर कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या विद्यापीठाचा शिक्का मारलेला कागद. फी कमी होती, घरापासून जवळ होतं, बाबांना परवडत होतं. रक्त घेणं आम्हाला फळ्यावर शिकवलं. सरांनी रंगीत खडूंनी ट्यूब काढल्या, जांभळं टोपण, निळं टोपण, राखाडी टोपण. सराव करायला एक रबरी हात होता, चाळीस मुलांमध्ये एक. दोन वर्षांनी सर्टिफिकेट घेऊन नोकरीला गेले, तर तिथल्या मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर?" मला प्रश्नच कळला नाही. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की स्वस्त म्हणून घेतलेली ती गोष्ट माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग खरेदी होती. पैसे होतेच, वर दोन वर्षं.

मग नव्याने फॉर्म भरला, आणि सरकारी मेडिकल कॉलेजात बीपीएमटीला, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीला, लॅबला लागले. तिथली पहिली सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. रक्त घ्यायच्या खोलीबाहेर रांग, आणि पुढ्यात लांबच्या वाडीवरून आलेली एक आजी. शीर सापडली, रक्त आलं, जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली, आणि आनंदाच्या भरात ती तशीच रॅकमध्ये उभी करून ठेवली. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं रसायन असतं, पण ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी केल्याशिवाय ते रक्तात मिसळत नाही. अर्ध्या तासाने ट्यूबमध्ये गुठळी. आजीला पुन्हा सुई टोचावी लागली. ती काही बोलली नाही, फक्त दुसरा हात पुढे केला. त्या हाताने मला जे शिकवलं ते रंगीत खडूंनी दोन वर्षांत शिकवलं नव्हतं. तेव्हापासून आजतागायत माझ्या हातून जांभळी ट्यूब न हलवता रॅकमध्ये गेलेली नाही.

म्हणून माझं सगळं सांगणं एका वाक्यात आहे. आमच्या क्षेत्रात शिकवतं ते हॉस्पिटल, कॉलेज नंतर. कॉलेजची इमारत, एसी वर्ग, वेबसाइटवरच्या पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या मुली, हे सगळं बाजूला ठेव. त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर रांग किती मोठी असते, ते बघ. जिथे रुग्ण नाहीत तिथे तुझा हात बसणार नाही, आणि हात बसला नाही तर पदवी भिंतीवर टांगायच्या लायकीची.

आता एक कोरा कागद घे आणि तीन रकाने आख. पहिला रुग्ण, दुसरा नोंदणी, तिसरा रुपये. याच क्रमाने. आपली माणसं तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते चिंतामणराव देशमुख, त्यांचं बालपण आपल्या रोह्यात गेलं. हिशोबाच्या बाबतीत रोहेकराने तरी गावाचं नाव राखायला हवं, नाही का?

पहिला रकाना रुग्ण. कॉलेज बघायला जाशील तेव्हा दुपारी तीनला, ऑफिसच्या वेळेत जाऊ नकोस. सकाळी नऊला जा. ओपीडीत बस. लॅबच्या खिडकीत किती नमुने येतात, एक्स-रेच्या दाराबाहेर किती जण बसलेत, डोळ्यांनी मोज. मग कँटीनला जाऊन शेवटच्या वर्षाच्या नाहीतर इंटर्नशिपच्या मुलींना गाठ आणि चहा पाज. ऑफिसातला माणूस तुला कॉलेज दाखवील, त्या मुली तुला खरं सांगतील. विचार, की तुम्ही स्वतःच्या हाताने आतापर्यंत किती जणांचं रक्त घेतलंत, किती एक्स-रे काढलेत? मशिनला हात लावू देतात की लांबून दाखवतात? परीक्षा वेळेवर होतात का, निकाल कधी लागतो? इंटर्नशिपला स्टायपेंड मिळतो का? मागच्या बॅचच्या मुली आज कुठे आहेत? पाच प्रश्न पुरे. उत्तरं देताना त्या एकमेकींकडे बघून हसल्या, तर समज.

दुसरा रकाना नोंदणी. हा नीट वाच, कारण इथे नियम बदललेत. 2021 मध्ये संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. लॅब, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑप्टोमेट्री, डायलिसिस, आहारशास्त्र, असं बरंच काही त्या एका छपराखाली आलं. त्या कायद्यात तासांचा हिशोबच दिलाय. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर कमीत कमी 2000 तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर कमीत कमी 3600 तास, तीन ते सहा वर्षांत. आता माझ्या त्या रविवारच्या वर्गाला ही फूटपट्टी लाव. रविवारी सहा तास, वर्षाचे 52 रविवार, एकही सुट्टी नाही असं धर, तरी वर्षाला 312 तास. 2000 तास व्हायला सहा वर्षांच्या वर लागतील आणि 3600 व्हायला साडेअकरा! दिवाळी-गणपतीची सुट्टी धरलेली नाही. हा हिशोब मला तेव्हा कुणी करून दाखवला असता तर.

तुझ्या त्या चार पत्रकांतलं एक याच जातीचं आहे. "नोकरी करता करता पदवी, हजेरीची सक्ती नाही." दुसरं ऑनलाइनवालं. यूजीसीने 2025 च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट सांगितलंय, की या आयोगाच्या कायद्याखाली येणारे कोर्स दूरस्थ नाहीतर ऑनलाइन पद्धतीने चालवायचे नाहीत. त्यामुळे ती दोन आधीच बाद. फाडायची मुभा तुला.

उरलेल्यांना विचार, की ही पदवी कुठल्या विद्यापीठाची, आणि पास झाल्यावर माझी नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे होणार? "होईल हो, सगळ्यांची होते," असं म्हणाले तर मागच्या वर्षी पास झालेल्या एकीचं नोंदणीपत्र दाखवायला सांग. आपल्या राज्यात आरोग्याच्या कॉलेजांचं विद्यापीठ म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, 1998 मध्ये स्थापन झालेलं. संलग्न कॉलेजांची यादी त्याच्या वेबसाइटवर असते. यादीत कॉलेजचं नाव असून भागत नाही, तुला हवा तो कोर्स त्या नावापुढे आहे का ते बघायचं. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्यात 2002 च्या कायद्याने वेगळी परिषद झाली. वाचा आणि श्रवण, म्हणजे बीएएसएलपी, आणि कृत्रिम अवयव, म्हणजे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, हे कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येतात. ज्या कोर्सला कुठलंच कौन्सिल विचारत नाही, त्याला तूही विचारू नकोस.

आणखी एक युक्ती. जाहिरात उलटी वाच. राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरतीची जुनी जाहिरात शोध. त्यात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी, डायलिसिस तंत्रज्ञ, भौतिकोपचार तज्ञ अशी पदं असतात. प्रत्येकापुढे शैक्षणिक अर्हता शब्दन् शब्द लिहिलेली असते. पदवीचं नेमकं नाव, विद्यापीठ, नोंदणी. आता तुझ्या पत्रकातलं पदवीचं नाव त्याच्याशी ताडून बघ. एका शब्दाचा फरक असला तरी पेन्सिलने खूण कर आणि विचार. सगळे जण आधी शिकतात आणि मग जाहिरात वाचतात. तू आधी जाहिरात वाच.

नावांच्या घोळावरून आठवलं. काल तू म्हणालीस, "मला ओटी करायचंय," आणि तुझी आई दचकली. घरात ओटी भरतात ती एक. हॉस्पिटलात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, तिथल्या तंत्रज्ञाचा कोर्स वेगळा. आणि ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीसुद्धा, मराठीत व्यवसायोपचार. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाचं बटण लावायला शिकवणं, हाताने घास घ्यायला शिकवणं, मंद वाढीच्या मुलाला खेळातून सावरणं, हे त्यांचं काम. मुंबईच्या केईएममध्ये 1950 मध्ये कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन बाईंनी त्याचं शिक्षण सुरू केलं. आशियातली ती पहिली शाळा समजतात. म्हणजे ज्या विषयाचं नावही आपल्याकडे धड ठाऊक नाही, त्याची सुरुवात आपल्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर झाली! तर फॉर्म भरताना "ओटी" एवढंच बघून टिक करू नकोस. माझ्या ओळखीच्या एकीने केली होती.

प्रवेशाचे रस्तेही दोन आहेत, ते मिसळू नकोस. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपी, आणि बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, यांचे आपल्या राज्यातले प्रवेश नीटच्या गुणांवर सीईटी सेलमार्फत होतात. तू नीट दिलीयस, तेव्हा ते दार उघडं आहे. निकाल हातात आल्यावर रडून फोल्डर कपाटात टाकलंस ना, ते बाहेर काढ. एमबीबीएसला कमी पडलेला गुण इथे कामाचा असतो. बीपीएमटीसारख्या कोर्सला बारावीचे पीसीबीचे मार्क बघतात, आणि त्याची नोटीस वेगळी, वेळापत्रक वेगळं. बी.एस्सी. नर्सिंगला स्वतंत्र सीईटी आहे. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून कुणा दादाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नकोस, रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं मूळ वेबसाइट बघ.

कुठे बघायचं? आपल्याला वाटतं आपण टोकाला राहतो. पण नीट बघ, रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि तिथूनच कोकण रेल्वे सुरू होते. दोन्ही बाजू उघड्या आहेत. अलिबागला 2021 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं. वडखळ-पोयनाडमार्गे एसटीने जाता येतं. पॅरामेडिकलच्या कुठल्या विषयाच्या किती जागा आहेत, ते तिथल्या यंदाच्या नोटिशीत आधी बघ. पनवेलच्या पुढे कामोठ्याला एमजीएम आहे, अभिमत विद्यापीठ. लॅब, रेडिओलॉजी, डायलिसिस, ऑप्टोमेट्री, फिजिओथेरपी असं सगळं एका आवारात. पेणहून रोज येऊन-जाऊन करणारी मुलं आहेत. मुंबईत जेजे सरकारी, केईएम, सायन, नायर महापालिकेची. बांद्रा रिक्लमेशनला अली यावर जंग संस्था, 1983 ची, वाचा-श्रवणासाठी. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, 1955 ची, कृत्रिम हातपायांसाठी. या शेवटच्या दोन संस्थांची नावं आपल्याकडच्या मुलींच्या यादीत कधीच नसतात. तुझ्यात असू देत. दक्षिणेकडे डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, कोकणातल्याच रुग्णांमध्ये शिकायचं असेल तर.

आता तिसरा रकाना, रुपये. आई काल तीनदा म्हणाली, "फी किती?" मी तिला उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न अपुरा आहे. विचारायचं असं, की पहिला पगार हातात येईपर्यंत घरातून एकूण किती जाणार? समजा एका कॉलेजची फी वर्षाला 40,000, पण लांब आहे, होस्टेल आणि मेस मिळून महिना 8,000. वर्षाचे दहा महिने धर. चार वर्षांचे झाले 4,80,000. दुसऱ्याची फी 90,000, पण घरून पास काढून जाता येतं. चार वर्षांचे 3,60,000, वर पास आणि डबा. आता स्वस्त कोणतं? आणि चार वर्षं का साडेचार का पाच, हेही मांड. फिजिओथेरपीची पदवी आजवर साडेचार वर्षांची होती, नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप पूर्ण वर्षाची झालीय. सहा महिने जास्त म्हणजे सहा महिन्यांचा खर्च वर आणि सहा महिन्यांचा पगार उशिरा. पण म्हणून येण्याजाण्यात रोज पाच तास घालवून होस्टेलचं भाडं वाचवू नकोस. मेमूच्या गाड्या मोजक्या, एक चुकली की दिवस गेला, आणि सकाळी आठच्या क्लिनिकलला रुग्ण तुझ्यासाठी थांबत नाही.

फी ठरते कशी, तेही बघ. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजात ती सगळ्यात कमी. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, 2015 च्या कायद्याप्रमाणे, आणि ठरलेला आकडा जाहीर असतो. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघ. "डेव्हलपमेंट", "डिपॉझिट", "युनिफॉर्म" असं वर काही मागितलं तर पावती माग. डोनेशन घेणं या राज्यात 1987 पासून कायद्याने बंद आहे. पावती न देता रोख मागणारा माणूस तुला कायदा मोडायला सांगतोय, हे लक्षात ठेव. अभिमत विद्यापीठांची फी या प्राधिकरणाखाली येत नाही.

आणि हे आईला मोठ्याने वाचून दाखव. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालंय. अट एवढी, की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस किंवा अभिमत विद्यापीठात गेलीस तर ही माफी नाही. म्हणून कुणी एजंट म्हणाला, "कॅप राउंडच्या भानगडीत कशाला पडता, मी थेट सीट करून देतो," तर तो तुझी सोय करत नाहीये, तुझी फी माफी काढून घेतोय. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत, फॉर्म महाडीबीटीवरच. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, यासाठी सेतूत उद्याच जा. प्रवेशाच्या आठवड्यात तिथे अर्धा तालुका उभा असतो.

कर्ज काढावं का? काढावं, पण महिन्याचा हप्ता आधी मांडून. बँकांच्या ठरलेल्या शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण किंवा तिऱ्हाइताची हमी लागत नाही, आईबाबा सहकर्जदार असतात. 4 लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड असं धर. हप्ता येतो महिना साधारण 6,640. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. आता सुरुवातीच्या पगारातून ही रक्कम वजा कर, खोलीचं भाडं वजा कर, आणि उरतं का बघ. सुरुवातीचा पगार हा कमीच असतो, ते लपवून ठेवत नाही. मी पहिल्या पगारात माझ्या आईला एक साडी घेतली आणि उरलेल्यात महिना काढताना माझी दमछाक झाली. पण हात बसलेला असला की दोन-तीन वर्षांत माणसं आपणहून बोलावतात. आपल्या आजीची ती बँकेत बुडालेली ठेव आठवतेय ना? पेणमध्ये पैसा बुडणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग शिक्षणाच्या नावाने बुडायला आपण आपल्या पायाने का जायचं?

मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस. कॉलेजांनी ती अडकवून ठेवायची नाहीत, हे यूजीसीने 2018 मध्येच बजावलंय. दाखव, तपासू दे, परत घे. झेरॉक्स दे, हव्या तेवढ्या.

आता जे आईसमोर अजिबात बोलायचं नव्हतं ते. रात्रपाळी असते. रक्त, लघवी, उलटी, पू, सगळं असतं, आणि पहिल्या महिन्यात जेवण जात नाही. जातं मग. एखादा नातेवाईक तुझ्यावर ओरडतो, कारण डॉक्टरवर ओरडायची त्याची हिंमत नसते. कॉलेज बघायला जाशील तेव्हा रात्रपाळीनंतर मुली होस्टेलवर परत कशा जातात, हेही विचार. गाडी असते का, कुणी सोबत असतं का. हा प्रश्न विचारायला लाजू नकोस, फीपेक्षा तो मोठा आहे. आणि क्लिनिकल सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस घे. तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. कॉलेज देत असेल तर उत्तम, नसेल तर आपणच घ्यायची. सुई कधीतरी टोचतेच. मला दोनदा टोचली.

आणि लग्नाचं. काल आईने विषय काढलाच, "चार-पाच वर्षं शिकेल, मग वय किती होईल." तिला सांग, पाच वर्षं अशीही जाणारच आहेत. पदवी घेऊन गेली तर बरं. हे भांडून सांगू नकोस, हसून सांग. आमच्या आईला मी भांडून सांगितलं होतं, त्याने काही झालं नाही.

विषय कुठला निवडायचा ते मी सांगणार नाही. माणसांशी तासन् तास बोलायला आवडत असेल तर फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण. माणसापेक्षा नमुन्याशी जास्त जमत असेल तर लॅब, रक्तपेढी. मशिन आणि चित्रं आवडत असतील तर रेडिओलॉजी. घाईच्या वेळी डोकं थंड राहत असेल तर थिएटर, ॲनेस्थेशिया. तुझं काय आहे हे तुला पत्रक बघून कळणार नाही, म्हणून मी एक ठरवलंय.

येत्या मंगळवारी मला सुट्टी आहे. पहाटेच्या गाडीने आपण तिघी निघू. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून परळ, आणि केईएम. कुणाला सांगायचं नाही की मुलगी कोर्स बघायला आलीय. आपण आईचा गुडघा दाखवायला आलोय. तशीही ती वर्षभर टाळतेच आहे, काल माझ्या जिन्यात मला दिसलं ते तुलाही दिसलंच असेल. केसपेपर तू काढायचास, रांगेत तू उभी राहायचंस. तो कागद घेऊन आधी ओपीडी, मग डॉक्टर लिहून देतील तसं एक्स-रे, रक्त, शेवटी फिजिओथेरपी. तू आईचा हात धरून फक्त बघ. तिला टेबलावर नीट झोपवणारी मुलगी कोण आहे, "मावशी, हलू नका" म्हणणारा कोण आहे, गुडघा हातात घेऊन "इथे दुखतं का?" असं विचारणारी कोण आहे. घरी येताना गाडीत मी तुला एकच प्रश्न विचारीन, की त्या सगळ्यांपैकी कुणाच्या जागी उभं राहावंसं वाटलं?

चपला नको, बंद बूट घाल. आणि आईला आत्ता फक्त गुडघ्याचं सांग.